घटमालेवर चालणाऱ्या जुन्या विद्युत् पंख्याची प्रतिकृती

विद्युत् पंख्याच्या इतिहासाचा आरंभ बहुधा एका नावापासून केला जातो. स्कायलर स्काट्स व्हीलर (१८६०–१९२३) या अमेरिकन अभियंत्याने १८८० नंतरच्या दशकात दोन पात्यांचा, मेजावर ठेवण्याजोगा पंखा तयार केला. कर्टिस व क्रॉकर या दोन अभियंत्यांच्या कंपनीशी त्याचा संबंध होता, आणि पुढे १९०४ मध्ये फिलाडेल्फिया येथील फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने या शोधाबद्दल त्याला जॉन स्कॉट पदक दिले. हा वृत्तांत खरा आहे. परंतु तो एका महत्त्वाच्या प्रश्नास बगल देतो. त्या पंख्याला वीज कोठून मिळत होती?

न्यूयॉर्कमधील एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. त्याचा एकदिश प्रवाह, सुमारे ११० व्होल्ट दाबाचा, मॅनहॅटनच्या दक्षिण भागातील काही थोड्या रस्त्यांपुरताच पोचत असे. त्या रस्त्यांच्या पलीकडे राहणाऱ्याला विजेचा पंखा हवा असल्यास ती वीज त्याने स्वतःच निर्माण करणे भाग होते, आणि ती निर्माण करण्याचे एकच सुटसुटीत साधन होते : रासायनिक विद्युत् घट. म्हणूनच १८८० ते १९०० या काळातील कित्येक लहान पंखे घटमालेवर चालत. एडिसनच्या उत्पादन कंपनीने १८९० नंतरच्या दशकात आपल्या एडिसन-लालांद घटांबरोबर वापरण्यासाठी पंखे विकले, ते याच गरजेपोटी.

असे पंखे आज संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत आढळतात. ते सहसा चालविले जात नाहीत, आणि चालवू नयेत हेच योग्य. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे सुती निरोधन ठिसूळ झालेले असते. एकदा प्रवाह सोडला आणि वेटोळ्यात दोन फेरे एकमेकांस चिकटले की जो पुरावा म्हणून जपला तोच नष्ट होतो. मूळ वस्तू ज्या प्रश्नांची उत्तरे मुकाट्याने दडवून ठेवते, म्हणजे तिचा वारा किती होता, ती किती तास चाले, तिला किती जस्त लागे, त्यांची उत्तरे प्रतिकृतीकडूनच मिळू शकतात. तथापि प्रतिकृती या शब्दाचा वापर फार सैलपणे होतो. पितळी पाती, उघडी वेटोळी आणि लाकडी तळ यांची हुबेहूब नक्कल करून आत आजचे तयार चलित्र बसविले तर ती शोभेची वस्तू होईल. तिच्यावरून जुन्या पंख्याबद्दल काहीही सिद्ध होणार नाही. प्रतिकृतीला पुराव्याचे मोल हवे असेल तर तिची रचना घटापासून सुरू केली पाहिजे, कारण मूळ पंख्याचा आकार, वेग आणि अंतर्रचना ही सर्व घटाने ठरविलेली होती.

घटांमध्येही निवड होती. दारावरच्या घंटेसाठी वापरला जाणारा लेक्लांशे घट पंख्याच्या कामाचा नव्हता. सतत प्रवाह घेतला की त्याच्या धनाग्राशी ध्रुवण होऊन त्याचा दाब काही मिनिटांतच खाली येतो. डायक्रोमेट घट सुमारे २ व्होल्ट दाब देतो व प्रवाहही भरपूर देतो, परंतु पंखा बंद केल्यावर जस्ताचा पत्रा आम्लातून बाहेर उचलून ठेवावा लागतो. न ठेवल्यास तो तसाच झिजत राहतो. या अडचणींतून वाट काढणारा घट फ्रान्समध्ये फेलिक्स द लालांद आणि जॉर्ज शापरों यांनी १८८१ च्या सुमारास पुढे आणला. त्यात जस्त हे ऋणाग्र, तांब्याचे ऑक्साइड हे धनाग्र आणि दाहक अल्कलीचा विद्राव हे माध्यम असे. एडिसनने त्याला व्यापारी रूप दिले. त्याने ऑक्साइडची दाबून व भाजून घट्ट वडी केली, ती तांब्याच्या चौकटीत बसवून जस्ताच्या दोन पत्र्यांमध्ये टांगली, आणि विद्रावाच्या पृष्ठभागावर खनिज तेलाचा थर ओतला. हा थर नसेल तर हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड विद्रावात शोषला जाऊन त्याचे कार्बोनेट होते. घट चालू असता जस्त अल्कलीत विरघळून झिंकेट बनते आणि ऑक्साइडचे क्षपण होऊन धातुरूप तांबे उरते. घट स्वस्थ असताना जस्ताची झीज अत्यल्प असते आणि प्रवाह घेत असता दाब दीर्घकाळ जवळजवळ स्थिर राहतो. या दोन गुणांमुळेच रेल्वेच्या सिग्नल-यंत्रणेत हा घट विसाव्या शतकातही बराच काळ टिकून होता.

या घटाचा दोष मात्र एकच आणि ठळक होता. त्याचा दाब फार कमी. मंडल उघडे असता तो सुमारे ०.९ व्होल्ट असतो. काही अँपिअर प्रवाह घेऊ लागताच तो ०.७ व्होल्टच्या आसपास येतो. चार घट एकसरीत जोडले तरी चलित्राच्या अग्रांशी केवळ २.८ व्होल्ट मिळतात. घटमालेवरील पंख्याची सारी रचना या २.८ व्होल्टांच्या काटकसरीची रचना आहे.

काटकसर कोठे व किती करावयाची हे ठरविण्यासाठी हवेपासून उलटे मोजत यावे लागते. पात्यांचा व्यास ३० सेंटिमीटर धरला तर त्यांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे ०.०७ चौरस मीटर होते. या क्षेत्रातून हवा सेकंदास २ मीटर वेगाने जावी अशी अपेक्षा धरू. संवेगाच्या साध्या सिद्धांतानुसार पंख्यामागच्या झोतात हवेचा अंतिम वेग याच्या दुप्पट होतो, आणि त्यासाठी हवेला प्रत्यक्ष द्यावी लागणारी शक्ती सुमारे १.४ वॅट येते. पितळी पत्र्याच्या सपाट पात्यांची कार्यक्षमता एक-तृतीयांश धरल्यास आसावर ४ वॅट हवेत. आणि चलित्राची कार्यक्षमता ४५ टक्क्यांच्या जवळपास असल्यास घटमालेकडून ९ वॅट घ्यावे लागतात. २.८ व्होल्ट दाबाला हा प्रवाह ३.२ अँपिअर होतो. आता हवेचा वेग २ ऐवजी ३ मीटर करू म्हटले तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे ३.४ पट, वाढते आणि घटमालेवर ३० वॅटचा बोजा पडतो. तो चार घटांना पेलत नाही. जुने घटमालेवरील पंखे मंद वारा देत, याचे कारण कारागिरांच्या अकौशल्यात शोधू नये. ते या घनाच्या नियमात आहे.

आता २.८ व्होल्टांची वाटणी पाहू. चलित्र एकसरी गुंडाळीचे, म्हणजे क्षेत्रवेटोळे व आर्मेचर एकापाठोपाठ जोडलेले असे धरले आहे. क्षेत्रचुंबकाच्या दोन भुजांवर मिळून २२० फेरे, २ मिलिमीटर व्यासाच्या तारेचे, घेतले तर ३.२ अँपिअरला सुमारे ७०० अँपिअर-फेरे मिळतात. आर्मेचर व ध्रुव यांमधील फट प्रत्येक बाजूस १ मिलिमीटर राखता आली तर एवढे चुंबकन पुरेसे होते. फेऱ्याची सरासरी लांबी १४ सेंटिमीटर धरता एकूण तार ३१ मीटर लागते. तिचा रोध ०.१७ ओहम आणि वजन जवळजवळ ८७० ग्रॅम येते. एवढ्याशा पंख्यासाठी एवढे तांबे ही आजच्या विद्यार्थ्याला उधळपट्टी वाटेल. परंतु बारीक तार वापरली तर रोध वाढतो, आणि येथे प्रत्येक दशांश व्होल्टचा हिशेब आहे. आर्मेचरचे कडे १ मिलिमीटर व्यासाच्या तारेने सुमारे २०० फेऱ्यांचे केले तर ब्रशांमधील त्याचा रोध ०.११ ओहम होतो, कारण दोन अर्धी वेटोळी समांतर येतात. दोन्ही मिळून ०.२८ ओहम, म्हणजे ३.२ अँपिअरला ०.९ व्होल्ट वेटोळ्यांतच खर्ची पडतात. ब्रशांच्या स्पर्शाशी ०.३ व्होल्ट जातात असे मानू. उरतात १.६ व्होल्ट. हीच चलित्राची विरोधी विद्युत् चालक प्रेरणा. फिरण्याच्या कामी येणारा दाब एवढाच. प्रवाहाने गुणता ५.१ वॅट येतात. धारव्यांतील घर्षण आणि लोखंडातील ऱ्हास यांना सुमारे १ वॅट दिला की आसावर अपेक्षित ४ वॅट राहतात. मिनिटास सुमारे १,२०० फेरे या वेगाला हा हिशेब जुळतो.

या वाटणीतील ब्रशांची बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. आज चलित्राचा ब्रश म्हटला की कार्बनचाच डोळ्यांसमोर येतो. चार्ल्स व्हान डेपोएल याने १८८८ मध्ये ट्राम-चलित्रांत कार्बन ब्रशांचा यशस्वी वापर केला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तांब्याचे ब्रश मागे पडले. कार्बन ब्रश दिक्परिवर्तकाला कमी घासतो आणि ठिणग्याही दाबतो. परंतु त्याच्या स्पर्शाशी सुमारे १ व्होल्ट दाब खर्च होतो. दोन ब्रशांचे मिळून २ व्होल्ट. ११० व्होल्टच्या वाहिनीवर हा तोटा दोन टक्क्यांहून कमी आहे. घटमालेच्या २.८ व्होल्टांतून तेच २ व्होल्ट वजा केले तर ०.८ व्होल्ट उरतात, आणि ठरलेल्या प्रवाहाला वेटोळ्यांनाच ०.९ व्होल्ट लागतात. म्हणजे पंखा त्या प्रवाहापर्यंत पोचणारच नाही. पाती जेमतेम हलतील. जुना पंखा दुरुस्त करताना 'सुधारणा' म्हणून कार्बन ब्रश बसविणारा हौशी कारागीर पुढे पंखा चालावा म्हणून दाब वाढवितो, आणि मग जुन्या पंख्याला मुळातच सहा-आठ व्होल्ट लागत असत असा निष्कर्ष काढला जातो. एक लहानसा बदल इतिहासात चुकीची नोंद कशी घालतो याचे हे चांगले उदाहरण आहे. प्रतिकृतीत तांब्याच्या पातळ पट्ट्यांचे थर किंवा तांब्याच्या जाळीची घट्ट गुंडाळी हेच ब्रश असले पाहिजेत. ते दिक्परिवर्तकाला ओरखडे पाडतात व वारंवार साफ करावे लागतात, हे मान्य करूनच चालावे. त्यांची चौकट आसाभोवती थोडी फिरविता येईल अशी ठेवावी. कारण भार वाढला की उदासीन अक्ष सरकतो, आणि चलित्रात ब्रश फिरण्याच्या दिशेच्या उलट बाजूस किंचित हलवावे लागतात.

लोखंडाच्या बाबतीत प्रश्न थोडा निराळा आहे. क्षेत्रचुंबकातील चुंबकीय स्रोत एकाच दिशेने व जवळजवळ स्थिर असल्यामुळे तो नरम लोखंडाचा भरीव घडला तरी चालतो. त्या काळी तो तसाच असे. आर्मेचरमध्ये मात्र प्रत्येक फेऱ्यागणिक स्रोताची दिशा उलटते. भरीव कडे घेतल्यास भोवरी प्रवाह निर्माण होऊन लोखंड तापते आणि १ वॅटची आपली तरतूद तेवढ्यातच संपते. ग्रामच्या मूळ कड्यात लोखंडी तारेची गुंडाळी होती. नंतर पातळ चकत्या व मध्ये कागद अशी रचना आली. कड्याला पाचिनोत्तीच्या रचनेप्रमाणे दाते ठेवून तारा दात्यांमधील खाचांत बसविल्या तरच वर धरलेली १ मिलिमीटरची फट शक्य होते; तारा गुळगुळीत कड्यावरून गुंडाळल्या तर तारेची जाडीच फटीत मोजावी लागते आणि अँपिअर-फेऱ्यांचा सारा हिशेब बदलतो. चकत्यांसाठी आजचे सिलिकॉनयुक्त पोलाद बाजारात सहज मिळते. ते विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्डच्या संशोधनातून वापरात आले, म्हणजे आपल्या पंख्यानंतरचे. ते वापरल्यास प्रतिकृती मूळ पंख्याहून किंचित अधिक वेगाने फिरेल. ज्याला मूळ पंख्याची कार्यक्षमता मोजावयाची आहे त्याने ते टाळावे. ज्याचा हेतू केवळ घटाचे वर्तन अभ्यासण्याचा आहे त्याने वापरल्यास हरकत नाही, मात्र तशी नोंद ठेवावी.

निरोधनासाठी दुहेरी सुती वेष्टणाची तार आणि वरून शेलॅकचा लेप अशी त्या काळची पद्धत होती. शेलॅक म्हणजे लाखेपासूनच काढलेला पदार्थ. एकोणिसाव्या शतकात जगाला तो मुख्यतः हिंदुस्थानातून पुरविला जाई. आजची एनॅमलची तार वापरली तर वेष्टण पातळ असल्याने त्याच जागेत अधिक फेरे बसतात, आणि ते बसविण्याचा मोह होतोच. तसे केले की क्षेत्राची तीव्रता व रोध दोन्ही बदलतात. एनॅमलची तार घ्यावयाचीच झाल्यास फेरे व तांब्याचा छेद मूळ हिशेबाप्रमाणेच ठेवावेत. धारवे काशाचे आणि तेलावर चालणारे असावेत. गोळ्यांचे धारवे बसविल्यास घर्षण बरेच कमी होते. चार वॅटच्या यंत्रात अर्ध्या वॅटची बचतही निष्कर्ष बदलण्यास पुरेशी ठरते.

या सर्व चर्चेतून एक कसोटी हाती येते. जो बदल दाबाच्या किंवा शक्तीच्या वाटणीत ढवळाढवळ करतो तो प्रतिकृतीत चालणार नाही. जो करीत नाही तो चालेल, परंतु लपवू नये. जस्ताचे पारदमेलन हे या दुसऱ्या प्रकारचे उदाहरण होय. जस्ताची स्थानिक झीज रोखण्यासाठी त्या काळी त्यात पारा मिसळीत. पाऱ्याच्या वापरावर नियंत्रण घालणारा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, आणि विद्यार्थ्यांच्या हाती पारा न देणे हे त्याविनाही शहाणपणाचे आहे. पाराविरहित अल्कली घटांसाठी इंडियम, बिस्मथ यांचा अंश असलेले जस्त वापरले जाते. ते येथे घेता येईल. त्याने घटाचा दाब बदलत नाही, केवळ स्वस्थ असतानाची झीज थोडी कमी-अधिक होते.

प्रत्यक्ष घट तयार करताना त्याची धारणशक्ती आणि त्याचा आंतरिक रोध यांत गल्लत होऊ देऊ नये. धारणशक्ती पदार्थाच्या वस्तुमानावर अवलंबून असते. फॅरेडेच्या नियमानुसार दर अँपिअर-तासास १.२२ ग्रॅम जस्त आणि १.४८ ग्रॅम ताम्र ऑक्साइड लागते. ३०० अँपिअर-तासांच्या घटात म्हणून निदान ३६६ ग्रॅम जस्त व ४४५ ग्रॅम ऑक्साइड हवे, आणि असा घट आपला पंखा सुमारे ९४ तास चालवील. प्रयोगशाळेत एवढ्या मोठ्या घटाची गरज नाही. परंतु तो लहान करताना पत्र्यांची जाडी कमी करावी, क्षेत्रफळ कमी करू नये. क्षेत्रफळ घटले की आंतरिक रोध वाढतो आणि २.८ व्होल्ट मिळेनासे होतात. ताम्र ऑक्साइड स्वतः विजेचे वाईट वाहक असल्याने वडीच्या पृष्ठभागावर आरंभीच थोडे तांबे क्षपित करून घेणे हितावह असते. वापरलेली वडी हवेत तापविली की तांब्याचे पुन्हा ऑक्साइड होते व ती पुन्हा उपयोगी पडते. दाहक सोड्याचा विद्राव डोळ्यांस अत्यंत घातक आहे आणि विरघळताना तो बराच तापतो, म्हणून सोडा थोडाथोडा करून पाण्यात घालावा. पाणी सोड्यावर ओतू नये.

घट करणे शक्यच नसेल तर काय? येथे बहुतेक प्रतिकृती चुकतात. प्रयोगशाळेतील स्थिर-दाबाचा स्रोत २.८ व्होल्टला लावून पंखा फिरविला जातो. पूर्ण वेगाला त्यात फरक दिसत नाही. फरक पडतो तो सुरुवातीला. आर्मेचर स्तब्ध असता विरोधी प्रेरणा शून्य असते, आणि ताठर स्रोत ०.२८ ओहमच्या वेटोळ्यांतून जवळजवळ ९ अँपिअर ढकलतो. वेटोळ्यांतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळजवळ आठपट, होते. पाती अडकून राहिली तर सुती निरोधन करपेल. खऱ्या घटमालेत चार घटांची मिळून ३.६ व्होल्ट प्रेरणा व सुमारे ०.२५ ओहम आंतरिक रोध असल्याने हाच प्रवाह ६ अँपिअरच्या थोडा वर थांबतो. घटाचा हा दोष म्हणजेच त्या पंख्याचा सुरुवात-नियंत्रक होता. वेगळा रोधक बसविण्याची गरजच नव्हती. तेव्हा पर्यायी स्रोत वापरणाऱ्याने ३.६ व्होल्टचा स्रोत घेऊन त्याच्याशी एकसरीत ०.२५ ओहमचा रोध जोडावा. हा प्रामाणिक पर्याय होय. पाती काढून ठेवून चलित्र चालवू नये, कारण एकसरी चलित्र भाराविना भरमसाट वेग घेते.

खर्चाचा विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ३.२ अँपिअर प्रवाहाला चार घटांत मिळून तासाला १५.६ ग्रॅम जस्त विरघळते; दिवसाला आठ तास पंखा चालला तर १२५ ग्रॅम, आणि शंभर दिवसांच्या उन्हाळ्यात १२.५ किलोग्रॅम. हे सैद्धांतिक किमान प्रमाण झाले. जेम्स ज्यूल याने १८४१ मध्येच दाखवून दिले होते की एक पौंड कोळसा जाळून उत्तम वाफयंत्र जेवढे काम करते, ते त्याच्या विद्युत्-चुंबकीय यंत्राने एक पौंड जस्त खर्चून केलेल्या कामाच्या जवळजवळ पाचपट असते. आणि जस्त कोळशाहून कितीतरी महाग. तरीही चाळीस वर्षांनंतर लोकांनी जस्त जाळून वारा घेतला. नऊ वॅटसाठी घरात वाफयंत्र बसविता येत नाही, एवढेच त्याचे कारण. वीजवाहिन्या घरोघरी पोचल्या आणि टेस्लाच्या १८८८ च्या एकस्वांनंतर प्रत्यावर्ती प्रवाहाची चलित्रे पसरू लागली, तेव्हा दिक्परिवर्तक, तांब्याचे ब्रश व घटांच्या बरण्या मेजावरून एकाच वेळी नाहीशा झाल्या.

प्रतिकृतीच्या पात्यांची टोके १,२०० फेऱ्यांना सेकंदास सुमारे १९ मीटर वेगाने फिरतात. व्हीलरच्या पंख्याला जाळी नव्हती. प्रेक्षकांसमोर चालविताना जाळी लावावीच लागेल. ती सुटी असावी आणि मोजमापाच्या वेळी काढावी, कारण तिनेही हवेला अडथळा होतो. प्रतिकृतीच्या तळाच्या खालच्या बाजूस, सहज न पुसता येईल अशा रीतीने, ती केल्याचे वर्ष आणि मूळ रचनेपासून घेतलेली प्रत्येक सूट कोरून ठेवावी. जुन्या पंख्यांना आज चांगली किंमत येते. पितळ काळवंडले आणि कागदपत्रे हरवली की उत्तम प्रतिकृतीच सर्वांत सहज अस्सल म्हणून विकली जाते.